विश्लेषण : जर्मन सैनिकाचा बिल्ला सापडला, तर तो बाजारात का जाऊ नये?

दुसरे महायुद्ध संपून ८० वर्षे झाली, तरी पूर्व युरोपातल्या शेतांत आणि जंगलांत जर्मन सैनिकांचे ओळख-बिल्ले अजून सापडतात. काही अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचतात. बरेच मात्र थेट हौशी संग्राहकांच्या हाती जातात. ही खरेदी-विक्री वरवर निरुपद्रवी वाटते. तशी ती नाही.

बिल्ल्यावर असते काय?

लंबगोल, जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मधोमध फटींची आडवी रेघ आणि तिच्या वर-खाली तोच मजकूर दोनदा ठोकलेला. सैनिक मरण पावला की खालचा अर्धा भाग मोडून मृत्यूच्या नोंदीसाठी पाठवायचा, वरचा मृतदेहासोबत ठेवायचा. १९२९च्या जिनिव्हा करारातही अशीच तरतूद होती. त्यामुळे सांगाड्याजवळ अख्खा बिल्ला सापडला, तर बहुधा त्या मृत्यूची नोंद करायला कोणी उरलेच नव्हते.

गंमत अशी की, दुसऱ्या महायुद्धातल्या या बिल्ल्यावर सहसा सैनिकाचे नावच नसे. तुकडी, क्रमांक आणि पुष्कळदा रक्तगट, एवढेच. तुकडीसुद्धा बिल्ला जिथे मिळाला तिथली. सैनिक मेला तो कदाचित भलत्याच पलटणीत.

मग नाव कळते कसे?

तुकड्यांनी पाठवलेल्या याद्यांवरून. कोणता क्रमांक कोणाचा, याची नोंद ठेवण्यासाठी १९३९ मध्ये बर्लिनमध्ये माहिती कार्यालय सुरू झाले. त्याचे दप्तर २०१९ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. तिथे क्रमांक जुळला की नाव मिळते. १९१९ साली स्थापन झालेली ‘फोल्क्सबुंड’ ही संस्था अवशेष उकरून रीतसर दफन करते, नातेवाइकांना कळवते. नव्वदच्या दशकापासून तिने पूर्व युरोपात असे सुमारे दहा लाख मृतांचे पुनर्दफन केले आहे.

पण ही साखळी टिकते ती बिल्ला आणि हाडे एकत्र असली तरच. रात्री डिटेक्टर घेऊन फिरणारा बिल्ला खिशात घालतो, हाडे तिथेच टाकतो. नंतर अवशेष सापडले तरी ते बेवारस. संग्राहकाकडच्या बिल्ल्यावरून नाव कळेलही, पण तो माणूस कुठे पडला ते नाही. त्यांची मुले आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याकडे फार वेळ नाही.

हिटलरच्या सैनिकांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. या सैन्याने पूर्व आघाडीवर केलेले अत्याचार कोणीही विसरू नयेत. मात्र मृताची ओळख पटवणे म्हणजे त्याचा गौरव नव्हे. कोणती तुकडी कुठे होती, याचा पुरावाही त्यातूनच मिळतो. आणि ‘बेपत्ता’ हा शेरा काय असतो, हे महाराष्ट्रालाही ठाऊक असायला हवे. याच जर्मन सैन्याशी इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर मात्र कुठेच नाही; कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांचे दफनस्थान ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांमध्ये, त्यांचे नाव कोरलेले आहे.