विजेची स्कूटर आणि वेगाची हाव

संतपूरच्या बाजारात आणि औरादच्या रस्त्यावर अलीकडे विजेच्या स्कूटरी दिसू लागल्या आहेत. त्यांना ना धूर, ना आवाज. दूध घालणारा, पोस्टात जाणारा, शेतावर भाकरी पोचविणारा अशा सर्वांनाच ती सोयीची वाटते, आणि पेट्रोलचा भाव ऐकून कपाळाला हात लावणाऱ्या गृहस्थास तर ती लक्ष्मीच भासते. या नव्या वाहनाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु एक गोष्ट आमच्या मनास खटकते. गाडी घेऊन वर्ष उलटते न उलटते तोच घरातील मुलगा विचारू लागतो, "हिचा कंट्रोलर बदलला तर ती किती पळेल?" या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एकत्र बसून करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, यंत्र उघडून पाहण्याच्या हौसेस आमचा विरोध नाही. ज्या मुलाने कधी स्क्रू काढला नाही त्याने विज्ञानाचे पुस्तक पाठ केले काय आणि न केले काय! आमच्या भागात विहिरीवरील मोटर जळाली की ती पुन्हा गुंडाळून देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते पुष्कळ पदवीधरांच्या डोक्यात नसते. प्रश्न एवढाच की, काय बदलावे, कशासाठी बदलावे, आणि बदलाचा भार शेवटी कोणावर पडतो.

बॅटरी बदलणे ही गोष्ट आम्ही गैर मानीत नाही. स्वस्त गाड्यांत बहुधा शिसे-आम्लाच्या 12 व्होल्टांच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 48 व्होल्ट केलेले असतात. त्या 24 अँपिअर-तासांच्या असल्या तर साठा होतो 48 गुणिले 24, म्हणजे 1152 वॅट-तास. त्यांचे ओझे मोठे आणि आयुष्य अल्प. दोनतीनशे वेळा पूर्ण रिकाम्या होऊन भरल्या की त्या थकतात. त्यांच्या जागी लिथियम-लोह-फॉस्फेटचा संच बसविला तर तेवढाच साठा सुमारे एकतृतीयांश वजनात मिळतो आणि तो दीडदोन हजार वेळा भरता येतो. लिथियम-आयन बॅटरी प्रथम 1991 साली बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या शोधाचे फळ आपल्या गावापर्यंत आले असता ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु येथेच पहिली मेख आहे. लिथियमची बॅटरी म्हणजे एकच जिन्नस नव्हे. लोह-फॉस्फेटचा एक सेल भरल्यावर 3.65 व्होल्टांवर थांबतो. असे 16 सेल रांगेत जोडले की 58.4 व्होल्ट होतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचा सेल मात्र 4.2 व्होल्टांवर थांबावाच लागतो, आणि 48 व्होल्टांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात असे 13 सेल असतात. म्हणजे तो 54.6 व्होल्टांवर भरला. आता घरात जुना शिसे-आम्लाचा चार्जर पडलेला असतो. "तोही 48, हाही 48" असे म्हणून तोच लावला, तर तो भरताना 58 ते 59 व्होल्टांपर्यंत जातो. त्यास 13 ने भागा. प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्ट येतात. ही बेरीज-भागाकाराची गोष्ट पाचवीच्या मुलासही करता येईल. पण ती न केल्याने घर पेटू शकते. मध्ये उभी असते ती केवळ बी. एम. एस. नावाची एक लहानशी पाटी. प्रत्येक सेलचा दाब, प्रवाह आणि उष्णता पाहून धोक्याच्या वेळी वाट तोडणे हे तिचे काम. जुन्या सेलांचे संच जुळवून स्वस्तात देणारा दुकानदार नेमकी हीच पाटी हलकी घालतो किंवा घालीतच नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. 2022 च्या मार्च महिन्यात तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्ज होत असलेली स्कूटर पेटली आणि धुराने गुदमरून एक पिता व त्याची कन्या मृत्यू पावली. पुढच्याच महिन्यात निजामाबाद येथे घरात बॅटरीचा स्फोट होऊन एक वृद्ध गृहस्थ गेले. निजामाबाद म्हणजे काही परमुलूख नव्हे. 1956 पर्यंत बीदर आणि निजामाबाद हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वसईस चार्ज होणाऱ्या बॅटरीने सात वर्षांचे एक मूल भाजले व दगावले. त्यानंतर नोंदणीच्या विद्युत् दुचाकींच्या बॅटऱ्यांविषयीचे नियम कडक झाले आणि 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांनी अमलात आले. कारखान्यातून निघालेल्या गाडीसही एवढी बंधने लागली, मग टपरीवर बांधलेल्या संचाची हमी कोणी द्यावी?

आता कंट्रोलरकडे वळू. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. चाकातील मोटरीस तो तीन तारांतून पाळीपाळीने द्यावा लागतो. चाक कोठे आहे हे मोटरीतील हॉल संवेदक सांगतात, त्याप्रमाणे कंट्रोलर आपले इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदास हजारो वेळा उघडतो व मिटतो. मूठ पिळली की मोटरीस किती द्यावयाचे हे तोच ठरवितो. म्हणूनच वेगाच्या लोभ्याची दृष्टी त्याच्यावर जाते. दाब वाढविला की चाक त्या प्रमाणात अधिक फिरते, प्रवाह वाढविला की जोर वाढतो. 20 अँपिअरचा कंट्रोलर काढून 40 चा बसविला की चढावर गाडी उडी मारल्यासारखी निघते, आणि मुलास वाटते, आपण युक्ती केली!

पण दहावीच्या विज्ञानात शिकविलेला ज्यूलचा नियम त्या युक्तीपुढे नमत नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट म्हणजे त्याच तांब्याच्या वेटोळ्यांत, त्याच जुन्या तारेत, त्याच जोडांत उष्णता चौपट. आमच्याकडे वैशाखात सावलीतही पारा 40 अंशांवर जातो. तेथे आधीच तापलेल्या मोटरीवर हा आणखी भार. वेटोळ्यांवरचे रोगण करपते, मग मोटर जळते. 48 व्होल्टांच्या कंट्रोलरास 60 व्होल्टांचा संच लावणारेही आहेत. त्या कंट्रोलरातील धारित्र पुष्कळदा 63 व्होल्टांचेच असते, आणि 60 व्होल्टांचा म्हणून घेतलेला 16 सेलांचा संच भरल्यावर 67.2 व्होल्ट दाखवितो. तो किती दिवस टिकेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

यापेक्षाही मोठी गोष्ट ब्रेकची आहे, आणि तिचे भान फारच थोड्यांस असते. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी साधारण ब्रेकने 6 मीटरांत थांबते. 50 वर तिलाच 24 मीटर लागतात. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद त्यात मिळविला, तर एका बाबतीत 13 मीटर आणि दुसऱ्या बाबतीत 38. गाडीची चौकट, टायर आणि ब्रेक हे 25 साठी घडविलेले. कंट्रोलर बदलल्याने ते बदलत नाहीत. शाळा सुटल्यावर रस्त्यावर उतरणारी लहान मुले, ऊस भरलेले ट्रॅक्टर, आडवी येणारी म्हैस यांना 38 मीटरांचा हिशेब ठाऊक नसतो.

कायद्याचे म्हणणेही येथे ऐकले पाहिजे, कारण पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज त्याच ठिकाणी आहे. "या गाडीस लायसन लागत नाही" असे दुकानात सांगतात. ते खरे, पण केव्हा? मोटरीची तीस मिनिटांची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरांपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. कंट्रोलर बदलून ती 45 ने धावू लागली की त्याच क्षणी ही सवलत संपली. मग ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारगाडी झाली, आणि चालविणारा झाला बिगरपरवान्याचा चालक. नोंदलेल्या गाडीतही मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीने तर अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड सांगितला आहे. कोणास ठोकर बसली तर भरपाई बापाच्या शेतातून निघावयाची. हौस मुलाची, आणि सातबारा मात्र बापाचा! (आमच्याकडे त्यास पहाणी म्हणतात, एवढाच फरक.)

तथापि सरकारचाही एक दोष आम्हांस दिसतो. जुन्या पेट्रोलच्या मोटारसायकलीवर बसविण्यासाठी पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेकडून तपासलेले विद्युत्-संच निघाले आहेत. ठाण्याच्या एका कंपनीचा संच मान्यता घेऊन विकला गेला. मोठ्या शहरातील कंपनीस ही वाट मोकळी आहे. औराद किंवा उदगीरच्या मिस्त्रीस मात्र आपण केलेले चांगले काम तपासून घेण्यास जवळ ठिकाण नाही. जो प्रामाणिक आहे त्याचे काम आणि जो लबाड आहे त्याचे काम यांवर एकच शिक्का, 'बेकायदा'. तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये बॅटरी-संच तपासण्याचे यंत्र व शिकलेला माणूस ठेवला, तर हा अंधार पुष्कळ कमी होईल. यास फार मोठा खर्च यावा असे आम्हांस वाटत नाही.

तोपर्यंत घरात काय करता येईल? त्याच दाबाचा, त्याच मर्यादेत बसणारा लोह-फॉस्फेटचा संच पावतीसह घ्यावा. त्याच्याच बरोबरीचा चार्जर घ्यावा आणि जुना चार्जर घरात ठेवूच नये. माळवदाच्या घरास बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच असते. त्या दारात गाडी लावून रात्रभर चार्ज करू नये, अंगणात किंवा गोठ्यापासून दूर ओसरीत करावी, आणि जागे असताना करावी. उन्हातून आलेली गाडी तासभर निवू द्यावी. काढलेल्या शिशाच्या बॅटऱ्या भंगारवाल्याने फोडून आम्ल ओढ्यात सोडण्याचा प्रकार सर्वांत वाईट. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी आणि तिची किंमत वळती करून घ्यावी. विद्यार्थ्यांस कंट्रोलरच उघडावयाचा असेल, तर जळालेला एखादा मिस्त्रीकडे फुकट मिळतो. तो प्रयोगशाळेच्या मेजावर उघडावा, त्यातील खटके मोजावेत, कोणता फुटला ते शोधावे आणि का फुटला ते विज्ञानाच्या गुरुजींस विचारावे.