एका उपेक्षित भयपटाचें पुनरुज्जीवन

भुताखेतांच्या गोष्टी मुलांनीं ऐकूं नयेत असें पुष्कळ वडील माणसांचें मत असतें. आणि तसल्या गोष्टींचे चित्रपट पाहणें म्हणजे तर शुद्ध कालापव्यय, असें तीं म्हणतात. या मताचा योग्य तो मान राखून आम्ही आज अशाच एका चित्रपटाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. पालकांनीं ती शेवटपर्यंत वाचावी, एवढीच विनंति. कारण तींतून निघणारा बोध भुतांविषयींचा नाहीं. कोणतीही कृति केवळ कर्त्याच्या गुणांवर टिकत नाहीं, तिला जपणारा कोणी भेटावा लागतो, हा तो बोध होय.

सन १९६२ मध्यें अमेरिकेंत 'कार्निव्हल ऑफ सोल्स', म्हणजे 'आत्म्यांची जत्रा', या नांवाचा एक कृष्णधवल चित्रपट प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक हर्क हार्वे हे कॅन्सस संस्थानांतील लॉरेन्स या गांवीं सेंट्रॉन नांवाच्या कंपनींत काम करीत. ही कंपनी शाळांसाठीं व कारखान्यांसाठीं बोधपट काढीत असे. परीक्षेंतील लबाडीवर सुद्धां तिनें एक बोधपट काढला होता! एकदां मोटारीनें प्रवास करीत असतां हार्वे यांना यूटा संस्थानांत खाऱ्या सरोवराच्या कांठीं सॉल्टएअर नांवाचा एक ओसाड पडलेला भव्य विहारमंडप दिसला. त्या दृश्यानें त्यांच्या मनांत एक कल्पना रुजली. सहकारी जॉन क्लिफर्ड यांनीं कथा लिहिली, गांवांतील लोकांनीं भांडवलास हातभार लावला, आणि कामावरून रजा घेऊन, मूठभर सोबत्यांसह, हार्वे यांनीं सुमारें तीन आठवड्यांत चित्रण पुरें केलें. एकंदर खर्च सुमारें ३३,००० डॉलर. मोठ्या चित्रसंस्थांच्या मानानें ही रक्कम अगदींच क्षुल्लक होती.

कथा थोडक्यांत अशी. मेरी हेन्री नांवाची तरुणी मैत्रिणींसह मोटारींतून जात असतां गाडी पुलावरून नदींत कोसळते. कांहीं तासांनीं मेरी एकटीच, चिखलानें माखलेली, पाण्याबाहेर येते. पुढें ती दूरच्या एका चर्चमध्यें ऑर्गन वाजविण्याची नोकरी पत्करते. पण तिकडे जातांना गाडीच्या कांचेंत तिला एक पांढराफटक चेहरा दिसतो, आणि तो मग तिची पाठ सोडीत नाहीं. मधूनच असें होतें कीं, भरल्या दुकानांत ती बोलते, पण तिचें बोलणें कोणास ऐकूं जात नाहीं. ती समोर असून कोणास दिसत नाहीं. त्या वेळीं भोंवतालचे सारे आवाजही थांबतात. शेवट आम्ही सांगत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जगांत असून जगाला दिसेनासें होणें हें भय भुताच्या भयाहून खोल आहे. वर्गांत ज्या मुलाशीं कोणी बोलत नाहीं, त्याला तें चांगलें ठाऊक असतें.

हा चित्रपट त्या वेळीं फारसा कोणीं पाहिला नाहीं, आणि हार्वे यांनीं पुन्हां कथापट काढला नाहीं. शिवाय चित्रगृहांकडे गेलेल्या प्रतींवर स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहून गेली होती. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें अशी सूचना नसली कीं कृतीवर कोणाचाच हक्क राहत नसे. त्यामुळें दूरचित्रवाणीवर तो रात्रीं उशिरां दाखविला जाऊं लागला. आणि व्हिडिओ-फितींचें युग आल्यावर ज्याला वाटेल त्यानें, हाताला लागेल त्या प्रतीवरून, फिती काढून स्वस्तांत विकल्या.

या फितींनीं उपकार केला कीं अपकार? आमच्या मतें दोन्ही. त्या नसत्या तर चित्रपटाचें नांवही उरलें नसतें. गरिबाच्या घरीं तो पोंचला तो त्यांच्यामुळेंच. पण ज्या चित्रांत सारी करामत छायेची व शांततेची, त्याच्या प्रतींत काळोखाचा नुसता चिखल झाला आणि शांततेच्या जागीं खरखर ऐकूं येऊं लागली, तर प्रेक्षकानें पाहिलें तरी काय? असा प्रेक्षक चित्रपटास हंसला, तर दोष त्याचा नव्हे.

सुदैवानें जपणारेही भेटले. सन १९८९ मध्यें चित्रपट पुन्हां चित्रगृहांत आला, आणि हार्वे यांना आपल्या कृतीचा गौरव पाहावयास मिळाला. सन १९९६ मध्यें ते वारले. सन २००० मध्यें क्रायटेरियन या संस्थेनें दोन डीव्हीडी तबकड्यांचा संच काढला. त्यांत चित्रगृहांतील आवृत्ति व अधिक लांबीची दिग्दर्शकाची आवृत्ति, अशा दोन्ही होत्या. इतकेंच नव्हे, तर सेंट्रॉनच्या बोधपटांतील वेंचेही होते. सन २०१६ मध्यें त्याच संस्थेनें नव्यानें डागडुजी केलेली प्रत ब्लू-रे तबकडीवर आणली.

कोणी म्हणेल, एका सामान्य भयपटासाठीं एवढी यातायात कशाला? याला आमचें उत्तर असें कीं, सामान्य काय नि असामान्य काय, हें ठरविण्यासाठीं तरी वस्तु धड अवस्थेंत समोर असावी लागते. जी कृति नष्ट झाली, तिच्याबद्दल कोणालाच न्याय करितां येत नाहीं. चांगली तबकडी महाग असते, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच ती एकेकट्यानें घेण्यापेक्षां ग्रंथालयांनीं पुस्तकांप्रमाणें संग्रहीं ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याही घरीं कपाटांत एखादी जुनी व्हिडिओ-फीत असेल; आईवडिलांच्या लग्नाची, किंवा आतां हयात नसलेल्या आजीच्या बोलण्याची. दर पावसाळ्यांत तिच्यावर थोडी बुरशी चढत असते, आणि ती लावावयाचें यंत्रही आतां सहजासहजीं मिळत नाहीं. या सुटींत ती बाहेर काढा, वडिलांना विचारा, आणि जाणत्याकडून तिची नवी प्रत करून घ्या. मेरी हेन्रीचें बोलणें कोणास ऐकूं गेलें नाहीं, ही कथा झाली. आजीच्या बोलण्याचें तसें होऊं न देणें आपल्या हातीं आहे.