बोर्ड वस्तीतच हवा

गुप्तरोगांच्या दवाखान्याचा बोर्ड वस्तीत नको, हे डोंबिवलीच्या पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘शर्तिया इलाजा’च्या जाहिराती आपण मुकाट सोसतो, लाज वाटते ती सरकारी रुग्णालयातल्या मोफत ‘सुरक्षा क्लिनिक’ची! सुरुवातीचा सिफिलिस पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. मात्र जोडीदारालाही उपचार लागतात, आणि घोडे अडते ते तिथेच. नवऱ्याकडून संसर्ग झालेली बाई ओळखीचे कोणी भेटेल म्हणून कल्याण सोडून ठाणे गाठते, नाहीतर अंगावर काढते. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात असे विषय उघड मांडले. बक्षीस काय, तर अश्लीलतेचे खटले! पत्रलेखकांना मुलांवरच्या संस्कारांची काळजी आहे. गरोदरपणी सिफिलिसची तपासणी राहिली तर मूल पोटातच दगावू शकते, त्याचे काय?

– एक वाचक, ठाणे