बोटांवरचे घट्टे

मुलगी गिटार शिकू लागली की पहिल्या आठवड्यातच डाव्या हाताच्या बोटांची टोकं हुळहुळतात. लगेच घरातून सूर निघतो, 'हात राठ होतील, उद्या बघायला आले तर?' पुण्यात कुटुंबांबरोबर काम करताना हे मी अनेकदा ऐकते.

धुण्याच्या सोड्याने, तव्याच्या चटक्यांनी बाईचे हात राठ होतात, तेव्हा मात्र कुणी हळहळत नाही. सोलापुरात हजारो बायकांनी विड्या वळून संसार चालवले. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या बायांना रेशन दुकानातलं यंत्र ओळखत नाही, तेव्हाही सारे गप्पच. म्हणजे चिंता हाताची नाहीच. घरासाठी पडले तर घट्टे हे कर्तव्य, स्वतःच्या आनंदासाठी पडले तर हट्ट!

अन्नपूर्णादेवींनी (१९२७–२०१८) सुरबहारसारखं अवघड वाद्य साधलं, हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. तारांशी झुंजल्याशिवाय हे होत नाही.

घट्टा हा आजार नव्हे. दाब सोसायला त्वचा आपला वरचा थर जाड करते. काही आठवड्यांत दुखणं कमी होतं. वाजवणं सोडलं तर थर जातोही. मुलींनो, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच वाजवा, शक्यतो नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, ओल्या बोटांनी वाजवू नका, साल सोलू नका. त्वचा फाटली तर थांबा. बोट बधिरच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मैत्रिणींनो, लेकीचे घट्टे मोजण्याआधी आपले मोजू या. मग तिच्या क्लासची फी भरू या.