संमती कोणाला मागता?

युनोचा तो कागद आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी वाचलाय? हात वर करा म्हटलं तर एका शाखेत दोन हात वर येतील, आणि त्यातला एक सेमिनारात जेवून आलेल्याचा असेल. बाकीचे म्हणतात, ती बायांची भानगड. त्यातही वरच्या आळीतल्या बायांची, जिनिव्हाचं विमान पकडणाऱ्यांची. आपल्याला काय त्याचं? आधी जात मोडू, मग बाईचं बघू.

दोस्तहो, हे वाक्य मी तीन बैठकांत ऐकलं. तिन्ही बैठकांत चहा बाईनंच आणून दिला होता.

कागदाचं नाव लांबलचक आहे. स्त्रियांबाबतचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा करार. सगळे त्याला सीडॉ म्हणतात. युनोच्या आमसभेनं १८ डिसेंबर १९७९ ला तो मंजूर केला, ३ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाला. अमेरिकेनं १९८० साली सही ठोकली आणि आजतागायत मान्यता दिलेली नाही, तेव्हा गोऱ्यांनी आपल्याला शहाणपण शिकवलं असल्या भ्रमात कुणी राहू नये. भारतानंही १९८० सालीच सही केली. पक्की मान्यता द्यायला ९ जुलै १९९३ उजाडलं. तेरा वर्षं गेली. आणि मान्यता देताना सरकारनं कराराला एक शेपूट जोडलं. ते शेपूट वाचा. मला तर मूळ करारापेक्षा तेच जास्त बोलकं वाटतं.

कराराचं कलम ५ सांगतं की बाई हलकी आणि पुरुष वरचढ या समजुतीवर उभ्या असलेल्या चालीरीती, रूढी, वागण्याचे साचे बदलायला सरकारनं हातपाय हलवावेत. कलम १६ लग्नाचं, घटस्फोटाचं, मुलाबाळांचं, घरातल्या मालमत्तेचं. या दोन कलमांवर भारत सरकारनं लिहून दिलंय की कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजानं स्वतः पुढाकार घेतल्याशिवाय, संमती दिल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही, तसं आमचं धोरणच आहे. लग्नाची सक्तीनं नोंदणी? तत्त्व मान्य. पण देश केवढा, रीती किती, शिक्षण कमी. जमायचं नाही.

म्हणजे कलम ५ वर येऊन गाडी थांबली. बरोबर तिथंच का थांबावी? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जळलं त्यात काय होतं? बाई कुणाच्या ताब्यात राहील आणि कोण कुणाच्या पायाशी बसेल, हे एकाच शाईनं लिहिलं होतं. कलम ५ म्हणजे त्या सरणातला एक निखारा, कायद्याच्या भाषेत उचललेला. सरकार जगाला सांगतंय, बाकी सगळं करू, तेवढं मनूला विचारून.

आणि हा समाज म्हणजे तरी कोण? त्याची संमती कोण देतो? पाटील देतो? पंच देतात? मठातला बुवा देतो? ज्या बाईच्या हाडांवरून रूढीचा गाडा जातो तिचं बोट त्या संमतीपत्रावर कुठं उठतं?

घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली तेव्हा कुठल्या गावाची संमती घेतली होती? गावोगाव विचारत बसले असते तर आपण आज पाणवठ्यावर उभेच असतो, ओंजळ धरून. देवराळ्याला १९८७ साली एका कोवळ्या पोरीला चितेवर जाळलं आणि त्याच वर्षी सती प्रतिबंधाचा कायदा झाला. देवराळ्यानं संमती दिली होती? तिथं तर चुनरीच्या कार्यक्रमाला लाखाची गर्दी. गिरणीच्या लोकांना कळेल असं सांगतो. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं बाळंतपणाच्या रजेचा करार केला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात तशा रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकानंही भार उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. तेव्हा मालकांच्या संमतीची वाट बघितली असती तर? आमच्या आज्या साच्यापाशीच बाळंत झाल्या असत्या.

आता राजस्थानात भटेरीला चला. कारण समाजानं संमतीबद्दल आपलं उत्तर तिथं दिलंय, तेही सरकारनं शेपूट जोडायच्या आदल्या वर्षी.

भंवरीदेवी, जात कुंभार. सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन. पगार फुटकळ, काम गावात बालविवाह थांबवायचं. १९९२ साली तिनं एका गुज्जर घरातल्या तान्ह्या पोरीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. तान्ह्या म्हणतोय मी, वर्षाचीही नव्हती. त्या सप्टेंबरात शेतात तिच्या नवऱ्याला मारहाण झाली आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत गुज्जर होते आणि एक ब्राह्मणही होता. तिची वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवस उलटले. १९९५ साली जयपूरच्या कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. कारणं काय दिली? वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला हात लावून बाटेल कसा. काका आणि पुतण्या एकत्र असलं करतील कसे. म्हणजे शिवाशीव ही आरोपीची साक्षीदार झाली! विहिरीवर आपल्याला जी अडवते तीच कोर्टात त्यांना सोडवते.

भंवरी आपल्या जातीची नाही, म्हणून काही जण हे प्रकरण आपलं समजत नाहीत. समजा. तो निकाल आपल्या प्रत्येक आयाबहिणीच्या नावानं लिहिलेला आहे.

बायांच्या संघटना त्या निकालाआधीच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल. देशात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता, तेव्हा कोर्टानं सीडॉचाच आधार घेतला आणि कायदा होईपर्यंत पाळायचे नियम घालून दिले. जिनिव्हाचा कागद आपल्या काय कामाचा, असं विचारणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. सोळा वर्षांनी, २०१३ साली, तो कायदा झाला. आज बँकेत, कचेरीत, कॉलेजात तक्रार करायला समिती आहे ती त्यामुळं.

पण त्या निकालात भंवरीचं नावही नाही, जातही नाही. राजस्थानातल्या एका गावातली सामाजिक कार्यकर्ती, एवढंच. लढाई कुंभारणीच्या अंगावर झाली आणि कागदावर उरली ती नुसती स्त्री, बिनजातीची. तिच्या स्वतःच्या खटल्यातल्या अपिलाची २००७ पर्यंत एकच सुनावणी झाली होती. तोवर दोन आरोपी मरूनही गेले.

एका गिरणीत मी ती समितीची पाटी बघितलीय. अध्यक्षबाई, सदस्य, फोन नंबर, सगळं झकास रंगवलेलं. ठेकेदाराकडची झाडूवाली रोज ती पाटी पुसते. कायदा ठेक्यावरच्या बाईलाही लागू आहे. घरकामवालीला गिरणी नाही, कचेरी नाही, म्हणून तिच्यासाठी जिल्ह्याची समिती आहे. हे त्या झाडूवालीला सांगितलं कुणी? तिला विचारलं तर म्हणाली, "ते हापिसातल्या बायांचं हाय, आमचं न्हाय."

तिचं का चुकलं? करार काढून बघा. सुरुवातीला वंशवाद आहे, वर्णभेद आहे, वसाहतवाद आहे. जात हा शब्द नाही. शब्दाला किंमत असते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सगळे पुरुष याऐवजी सगळी माणसं असं जे झालं त्यासाठी भारताच्या हंसा मेहता भांडल्या होत्या. तिथं माणूस आला. पण माणसाच्या मागं लागलेली जात करारात यायची राहिली ती राहिलीच. सीडॉच्या समितीनं आपल्या २८व्या सर्वसाधारण शिफारशीत बाईवरच्या अन्यायाशी जातही गुंतलेली आहे असं लिहिलं ते २०१० साली. त्याआधी २००७ मध्ये तिनं मैला उचलायच्या कामावरून भारत सरकारला टोकलं होतं, आणि २०१४ मध्ये दलित बायांवरच्या अत्याचारांवरून. ही नोंद कुणाच्या दयेनं झाली नाही. आपल्या बाया तिथवर जाऊन बोलल्या म्हणून झाली. २००१ साली डर्बनच्या परिषदेत जातीचा विषय घ्या म्हणून दलित ओरडत होते आणि भारत सरकार दार धरून उभं होतं, हे विसरू नका.

आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे घरातली चार माणसं गावानं मारली, त्यात मायलेकी. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना खुनासाठी दोषी धरलं. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही म्हणाले, विनयभंगही सिद्ध नाही म्हणाले. भटेरीत जात होती म्हणून बलात्कार झाला नाही. खैरलांजीत जातही नव्हती आणि बाईची विटंबनाही नव्हती. मग तिथं झालं तरी काय होतं, बांधावरचं भांडण? गावाची संमती मात्र होती. पुरेपूर होती.

म्हणून आधी जात, मग बाई म्हणणाऱ्याला मला विचारायचंय, खैरलांजीत तू दोन्हीची वाटणी कशी करतोस? आणि आधी बाई, मग जात म्हणणाऱ्या ताईंनाही हाच सवाल.

सरकारला समाजाचा पुढाकार पाहिजे ना? घ्या. २० जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमलेल्या, बाबासाहेब समोर. ठराव कसले? बाईला घटस्फोटाचा हक्क पाहिजे. एकावर दुसरी करायला कायद्यानं बंदी पाहिजे. गिरणीत, विडीच्या कारखान्यात, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना रजा पाहिजे, पेन्शन पाहिजे. कलम ११ आणि कलम १६ यांचा जीव त्या ठरावांत आहे. तेव्हा युनो जन्मालाही आली नव्हती, तिला अजून तीन वर्षं होती. पुढं हिंदू कोड बिल आलं तेव्हाही समाज तयार नाही हीच बोंब होती, आणि १९५१ साली बाबासाहेब मंत्रिपद फेकून बाहेर पडले. बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये कायदे झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. अर्धं शतक समाज तयार होत होता!

आपल्याकडून संमती १९४२ पासून दिलेली आहे. ती दिल्लीच्या कुठल्या टेबलावर पडलीय ते त्यांनी शोधावं.

पण मग आपल्या घरातही ती पाळावी लागते. मिरवणुकीत निळा झेंडा आणि घरी पोरीचं लग्न तिला न विचारता, हे चालायचं नाही. पोरीनं दुसऱ्या जातीतला पोरगा केला की आपल्यातल्याच एखाद्याला जातपंचायतीची भाषा फुटते, ती मी ऐकलीय. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि वहिनीच्या गालावर वळ. तेव्हा कोण म्हणतं हो, खासगी बाब आहे, मधे पडू नका? सरकारचंच शेपूट आपल्या तोंडात.

आता काम. सीडॉला १९९९ साली एक जोडकरार झालाय. देशातली कोर्टं थकली की बाईला थेट त्या समितीकडं तक्रार करता येते. भारत त्यात सामील झालेला नाही. समितीनं शेपूट काढा म्हणून वारंवार सांगितलं, तेही काढलेलं नाही. प्रत्येक शाखेनं ठराव करावा: आमच्या समाजाची संमती आहे, कलम ५ आणि १६ वरची घोषणा मागं घ्या, जोडकरारात सामील व्हा. सोबत नागपूरच्या ठरावांची नक्कल जोडा. मसुदा बायांनी लिहायचा, खाडाखोडही त्यांनीच करायची, सह्यांत पहिलं नाव त्यांचं. महिन्याभरात आले तेवढे ठराव पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू. स्टेन्सिलची चार पानं त्यासाठी राखून ठेवलीत.