मुंबई सिटीनं आधी कणा शोधावा

१३ मार्च २०२१. फातोर्ड्याचं स्टेडियम कोरोनामुळे रिकामं, फलकावर १-१ आणि घड्याळात नव्वदावं मिनिट. मुंबई सिटीच्या अहमद जाहूनं मागून लांब चेंडू टाकला. एटीके मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य तो अडवायला पुढे धावला आणि फसला. चेंडू बार्थोलोम्यू ओगबेचेच्या पायात आला, त्यानं डोकं शांत ठेवून तो बिपिन सिंगकडे सरकवला आणि बिपिननं जाळ्यात मारला. मुंबईला इंडियन सुपर लीगचा पहिला करंडक मिळाला. तीन वर्षांनी, ४ मे २०२४ ला, कोलकात्यात सॉल्ट लेकवर साठ हजारांच्या आसपास बागानप्रेमींसमोर पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा १-१. ८१ व्या मिनिटाला आघाडी मिळवून देणारा पुन्हा बिपिनच.

मणिपूरचा हा विंगर २०१८ मध्ये मुंबईत आला, तेव्हा त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २०२५ मध्ये तो ईस्ट बंगालकडे गेला, तेव्हाही मोठा गाजावाजा झाला नाही. अंधेरीच्या घरच्या मैदानावर ढोल घेऊन उभे राहणाऱ्या चाहत्यांना मात्र हे चांगलंच लागलं. त्याच सुमारास बचावपटू मेहताब सिंग मोहन बागानमध्ये दाखल झाला. त्याआधीच्या उन्हाळ्यात मिडफिल्डर अपुइयानंही तोच रस्ता धरला होता आणि बचावपटू राहुल भेके बंगळुरूला गेला होता. चार भारतीय खेळाडू, जवळपास वर्षभराच्या अंतरात. मुंबई सिटीचं काय बिघडलं याचं उत्तर या चार नावांत आहे, आणि पुन्हा उभं राहायचं तर सुरुवात कुठून करायची याचंही.

नेमका याच्या उलटा सूर दर मोसमाआधी लागतो. ‘स्ट्रायकर कोण येतोय?’ हा चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या क्रीडापानापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न. यात चाहत्यांना दोष देऊन भागणार नाही. क्लबनंच त्यांना तशी सवय लावली.

२०१४ चा पहिला मोसम आठवा. प्रशिक्षक इंग्लंडचा पीटर रीड, संघात स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग आणि फ्रान्सचा निकोलस अनेल्का. फलकांवर नावं झकास दिसत होती. कोलकात्यात झालेला स्पर्धेचा पहिलाच सामना मुंबईनं ०-३ असा गमावला आणि मोसमाअखेर आठ संघांत सातवा क्रमांक आला. पुढच्या वर्षी अनेल्काच प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही भूमिकांत. भारतीय खेळाडूंच्या लिलावात सुनील छेत्रीवर सर्वाधिक १ कोटी २० लाखांची बोली लावली गेली. छेत्रीनं पैसे वसूल करून दिले. आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय तो याच मोसमात, मुंबईच्या निळ्या जर्सीत झाला. पण त्याच संघानं फातोर्ड्याला एफसी गोवाकडून सात गोल खाल्ले. शून्याविरुद्ध सात! त्या सामन्यात गोव्याच्या एकाची नव्हे, दोघांची हॅटट्रिक झाली. पुढे छेत्री असूनही मागे भगदाड असेल तर काय होतं, याचा याहून ठसठशीत पुरावा शोधूनही सापडायचा नाही.

तेव्हा स्पर्धा अडीच-तीन महिन्यांची होती. करारही तेवढ्यापुरतेच, त्यामुळे दर वर्षी मांडव उभारायचा आणि दर वर्षी सोडायचा, असं चाललं होतं. २०१६ मध्ये अलेक्झांद्रे गिमाराइस या कोस्टा रिकाच्या प्रशिक्षकानं पहिल्यांदा बचावाची नीट घडी बसवली. दिएगो फोर्लानचं नाव गाजलं, केरळविरुद्धची त्याची हॅटट्रिक आजही आठवली जाते. पण साखळीत मुंबई अव्वल ठरली ती गोल द्यायला कंजूष झाली म्हणून. हा तपशील आठवणाऱ्यांची संख्या मात्र बरीच कमी आहे.

२०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचे ६५ टक्के भाग घेतले आणि सगळा नूर पालटला. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्याहून आला, आणि येताना एकटा आला नाही. जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू आणि मंदार राव देसाई, एफसी गोवाचा अर्धा डोलाराच मुंबईत आला. गोवेकरांनी याबद्दल किती बोटं मोडली ते पणजीत जाऊन ऐकावं. पैशाच्या जोरावर दुसऱ्याचं घर उचलून आणलं, हा आरोप खोटा नव्हता. पण त्या खरेदीतलं शहाणपण पाहिलं पाहिजे. लोबेरानं आधी मधला खांब आणला. जाहू दोन सेंटर-बॅकच्या मधोमध मागे उतरायचा, तिथून खेळाची दिशा ठरवायचा आणि त्यामुळे दोन्ही बगलांचे बचावपटू मोकळे होऊन वर सरकायचे. मंदार मुळात विंगर. त्याला डावा बचावपटू करण्याची किमया लोबेरानं गोव्यातच केली होती. गोलमध्ये अमरिंदर सिंग, बचावात तरुण मेहताब. या भक्कम पायावर ओगबेचे आणि ॲडम ल फाँद्र येऊन बसले. त्या वर्षी साखळीची शिल्ड आणि करंडक दोन्ही मुंबईचे झाले.

मग लगेच गळती लागली. अमरिंदर गेला, बुमू गेला, मोसम तोंडावर असताना खुद्द लोबेराही गेला आणि डेस बकिंगहॅमच्या हाती आलेला संघ २०२१-२२ मध्ये पाचवा आला. मात्र त्याच पडझडीत क्लबनं केलेल्या दोन खरेद्या सोन्याच्या ठरल्या. नॉर्थईस्ट युनायटेडचा कोवळा कर्णधार अपुइया आणि पाठोपाठ चेन्नईहून लालियानझुआला छांगटे. दोघेही मिझोरामचे, दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतले. सोबत मुंबईचाच राहुल भेके बचावात. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्यानंच हेडरनं केला. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय.

२०२२-२३ चा संघ हा या क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. २० सामने, ४६ गुण, ५४ गोल, पहिले अठरा सामने अपराजित. ग्रेग स्टुअर्ट आणि होर्खे पेरेरा डियाझ या परदेशी जोडीचं कौतुक व्हायलाच हवं. पण या दोघांना चेंडू कुठून मिळत होता? अपुइयाकडून. उजवीकडून छांगटे, डावीकडून बिपिन, मागे भेके आणि मेहताब. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोही परदेशी नव्हे, छांगटे.

इथे साधा हिशेब कामी येतो. सुरुवातीच्या वर्षांत आयएसएलच्या मैदानावर सहा परदेशी चालायचे, म्हणजे भारतीय पाच. २०१७-१८ पासून परदेशी पाच झाले आणि २०२१-२२ पासून चारच. आता अकरांत किमान सात भारतीय. चांगला परदेशी आघाडीवीर शोधायचा तर स्पेन, ग्रीस, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका असं अख्खं जग पडलं आहे. डियाझ गेला तर दुसरा कुणीतरी मिळतो. पण दडपणाखालीही चेंडू न गमावणारा, दोन्ही पायांनी पास देणारा भारतीय मिडफिल्डर देशात मोजकाच. तो गेला की बाजारात त्याच्या तोडीचा दुसरा नसतोच, कारण जे दोन-तीन असतात ते दुसऱ्या क्लबशी लांबलचक कराराने बांधलेले असतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात हेच घडलं. प्रशिक्षक पेत्र क्रात्कीनं मोसमाच्या मध्यात सूत्रं हाती घेऊन करंडक जिंकून दिला होता आणि काही आठवड्यांत तो संघ विस्कटला. डियाझ, आल्बेर्तो नोगेरा आणि भेके बंगळुरूला, अपुइया बागानला. बदली म्हणून ग्रीसचा निकोस कारेलिस, स्पेनचा जॉन तोराल आणि गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आले. ब्रँडन गुणी आहे, त्याच्या पासवर कुणीही फिदा व्हावं. पण तो पुढे खेळणारा, दुखापतींनी सतावलेला माणूस. अपुइयाचं काम वेगळं. समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच मोडायचा आणि दुसऱ्या क्षणाला चेंडू पुढे पाठवायचा. त्या जागी तसाच माणूस आलाच नाही. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत ३६ गुण, सहावा क्रमांक आणि बाद फेरीत बंगळुरूकडून ०-५. ज्या बंगळुरूत डियाझ, नोगेरा आणि भेके होते, त्याच बंगळुरूकडून.

तिकडे अपुइया काय करत होता? ७ एप्रिल २०२५ ला सॉल्ट लेकवर जमशेदपूरविरुद्ध उपांत्य फेरीचा परतीचा सामना जादा वेळेकडे चालला होता. भरपाई वेळेत अपुइयानं लांबूनच असा फटका मारला की गोलरक्षकाला हलायलाही उसंत मिळाली नाही. बागान अंतिम फेरीत गेला आणि पाच दिवसांनी करंडकही जिंकला. साखळीत त्यांचे ५६ गुण. त्यांच्याकडे जेमी मॅकलारेन, दिमित्री पेत्रातोस असे परदेशी होतेच, पण गोलमध्ये विशाल कैथ, बचावात शुभाशिष बोस, मध्यात अपुइया असा देशी कणा होता. मुंबईनं २०२२-२३ मध्ये जे केलं तेच कोलकात्यानं केलं, तेही मुंबईचाच माणूस घेऊन.

आता परिस्थिती आणखी बिकट आहे, हे मान्य करायला हवं. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आल्यानं जुलै २०२५ मध्ये आयएसएल लटकली. मोसमाची सुरुवात फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबली, आणि मोसमही एकेरी फेरीचा. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबईतून काढता पाय घेतला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. पैसा आटणार, हे उघड आहे. अशा वेळी एखादा उतारवयातला नामवंत आणून तिकिटं खपवायचा मोह होईल. २०१४ चा प्रयोग पुन्हा करू नये, एवढीच चाहत्यांची अपेक्षा.

मुंबईला या बाबतीत जरा जास्तच सावध राहायला हवं, कारण या शहरात क्लब बंद पडण्याची परंपरा आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. शेजारच्या पुण्याचा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये विरला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. यांतल्या कुणाकडेही मैदान किंवा चाहते अजिबात नव्हते असं नाही. पण वर्षानुवर्षं टिकणारा, शहराला आपला वाटणारा खेळाडूंचा गाभा फार थोड्यांकडे होता.

असा गाभा घडवायला कच्चा माल कुठे आहे, हे विचारणाऱ्यानं एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावं. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला की पेठा रस्त्यावर येतात. घराघरांत तालमीवरून वाद होतात आणि हरलेल्या गल्लीत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. व्यावसायिक फुटबॉलसाठी मात्र त्याला जमशेदपूर, हैदराबाद अशी वणवण करावी लागली. राज्यातल्या सर्वांत मोठ्या क्लबनं कोल्हापुरात कायमचा माणूस नेमून मुलं हेरली, तर त्याचा खर्च एका परदेशी खेळाडूच्या पगारापुढे किरकोळ ठरेल. नवी मुंबई, पुणे, नागपूर इथेही तेच करता येईल. ही मुलं उद्या लगेच अपुइया होणार नाहीत. पण बाकावर बसायला, पन्नासाव्या मिनिटाला उतरायला आणि तीन वर्षांनी जागा घ्यायला कुणीतरी तयार असेल.

प्रशिक्षकाचंही तसंच. मुंबई सिटीनं कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेहमी परदेशी माणूसच पाहिला. मुंबईत खेळलेला, मुंबई एफसीला सात वर्षं कमी पैशांत तगवून ठेवणारा खालिद जमील आयझॉलला जाऊन आय-लीग जिंकला, जमशेदपूरला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. अंधेरीत त्याला संधी मिळाली नाही. तुटपुंज्या पैशांत बचाव बांधणं हीच त्याची खासियत, आणि नेमकी तीच आज या क्लबची गरज आहे.

तेव्हा क्रम असा असावा, असं जाणत्या चाहत्यांचं मत. छांगटेचा करार काहीही करून टिकवावा, कारण तो गेला तर अंधेरीला येण्याचं अर्धं कारण संपेल. गोलमध्ये फुर्बा लाचेन्पावर विश्वास ठेवावा. दुसऱ्या क्लबांच्या बाकावर कुजत बसलेला, बावीस-तेवीस वर्षांचा बचावात्मक मिडफिल्डर शोधून त्याला चार वर्षांचा करार द्यावा, आणि पहिल्या वर्षी तो चुकला तरी विकू नये. एक परदेशी सेंटर-बॅक घ्यावा, बोलका आणि वयानं थोडा थोराड चालेल. स्ट्रायकर सगळ्यात शेवटी. तो जानेवारीत मिळाला तरी बिघडत नाही, आणि तोवर गोल कमी पडले तर गोलशून्य बरोबरीवर शिट्ट्या मारणाऱ्यांना तोंड द्यायची तयारी व्यवस्थापनानं ठेवावी.