पाढे पाठ, गुणाकार परका

जून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. 'एकवीस'ला 'वीस एक', 'त्रेसष्ट'ला 'साठ तीन' असे वाचन त्यात सुचविले होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. तथापि प्रश्न विधिमंडळात गेला आणि चर्चा थट्टेपलीकडे फारशी सरकली नाही. मुखेडसारख्या तालुक्याला मात्र त्यात हसण्याजोगे थोडेच होते. सीमेपलीकडची तेलुगू व कन्नड या संख्यांत दशक आधी आणि एकक नंतर उच्चारते. मराठीत क्रम उलटा.

या उलट्या क्रमाची खरी झळ लागते ती गुणाकारात. 'नऊ सत्ते त्रेसष्ट' हे खड्या आवाजात म्हणणाऱ्या मुलाला त्रेसष्ट म्हणजे सहा दशक व तीन एकक हे उमगलेले असतेच असे नाही. त्यातच चोक, सत्ते, अठ्ठे ही अंकांची पाढ्यांपुरतीच नावे. मधली एक कडी निसटली की बिचाऱ्याला पुन्हा 'नऊ एके नऊ'पासून आरंभ करावा लागतो. वस्तुतः सोयाबीनच्या ओळी त्याने पाहिलेल्या असतात. सात ओळींत सात-सात रोपे. पाच ओळींची पस्तीस, उरलेल्या दोन ओळींची चौदा, मिळून एकोणपन्नास. हे एकदा खडे मांडून पाहिले की विसरलेला पाढा स्वतःच जुळविता येतो. 'एकोणपन्नास' म्हणजे पन्नासाला एक उणा, हे गुरुजींनी उलगडून सांगितले तर तोच अवघड शब्द सोयीचा होतो.

पाठांतर त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांना आणे-शेरांच्या व्यवहारात मोल होते. १९५७मध्ये दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक मापे आली आणि ती गरज ओसरली. घोकंपट्टी तेवढी शाळेत उरली.

२०२१च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर पायाभूत गणित येण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरविले. परंतु गुणाकार दुसरी-तिसरीत येतो, आणि मुखेड परिसरातील वाड्या-तांड्यांवरील कित्येक मुले नेमकी त्याच वर्षांत दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती प्रत्येक मुलाला रोखून धरील असे मानणे भाबडेपणाचे होय. फडावर कोणी पाढे म्हणवून घेणार नाही. मोळ्यांच्या रांगा मात्र तेथेही समोर असतात. म्हणून जून ते दिवाळी या चार महिन्यांत रांगा मांडून गुणाकार शिकवावा; पाढे पक्के करून घेणे मुले परतल्यावरही साधेल.